वापरलेला पिकअप ट्रक घ्यायचाय: रोज ऑफिस, अधूनमधून ट्रेलर

रानपाखरू

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोला राहतो. घरात मी, नवरा आणि दोन मुलं (११ आणि ८). माझं ऑफिस लास कोलिनासला आहे आणि आठवड्यातले चार दिवस जावंच लागतं. माझी सिडॅन आता काढायची आहे, तिच्या जागी वापरलेला पिकअप घ्यायचं जवळजवळ ठरलंय.

कारणं दोन. यंदा आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय. २४ फुटी, रिकाम्याचं वजन ४,९०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट चालणारं कमाल वजन) ६,२००. काही वीकएंड जवळपास, उन्हाळ्यात एक लांबची सहल. पालो ड्युरो कॅन्यन आणि मग कोलोराडो असं मुलांनी आधीच ठरवून टाकलंय. शिवाय गणपतीच्या दिवसांत आमच्या ढोलपथकाचा बंद ट्रेलर कुणीतरी ओढायचा असतो आणि दरवर्षी ट्रकवाला शोधायची धावपळ होते.

बजेट तीस हजार डॉलरच्या आत. यादीत सध्या २०१८ ते २०२० मधली फोर्ड एफ-१५०, २०१९ ची रॅम १५०० लॅरामी, २०१७ ची टोयोटा टुंड्रा आणि होंडा रिजलाइन आहेत. जाहिरातीत प्रत्येकाचे टोइंगचे आकडे भरपूर दिसतात, सहा हजारांचा ट्रेलर म्हणजे त्यांच्यापुढे काहीच नाही असं वाटतं. मग ट्रेलरच्या ग्रुपवर लोक पेलोड पेलोड का करत असतात? रोज चालवणार मी आहे, हेही लक्षात घेऊन सांगा.

गिअरबॉक्स

मी डेट्रॉइटजवळ वाहन उद्योगातच काम करतो, थोडं लांब लिहितो.

जाहिरातीतला टोइंगचा आकडा खोटा नसतो. एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे, अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमच्या चढावर एसी चालू ठेवून ट्रकने किमान किती वेग राखला पाहिजे, इथपर्यंत त्यात ठरवलेलं आहे. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये दीडशे पौंडांची दोन माणसं असतात. मुलं, सायकली, कूलर, जनरेटर यातलं काही नसतं. तुमच्यासारख्या कुटुंबाच्या बाबतीत इंजिनाची ताकद संपायच्या खूप आधी पेलोड संपतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळी पट्टी असलेलं टायरचं स्टिकर दिसेल. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. तो त्या एका विशिष्ट ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या ट्रकचाही नव्हे.

आता तुमचा हिशेब. ट्रेलर भरून सहा हजारांच्या आसपास जाईल. त्यातलं १० ते १५ टक्के वजन हिचवर (ट्रेलर जोडायची जागा), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतं. १३ टक्के धरले तर ७८०. वजन वाटणारी हिच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच, साधारण ९० पौंड. चौघांचे ४४० धरतो. मागच्या बेडमध्ये सामान २००. बेरीज १,५१०.

मोठं सनरूफ, २० इंची चाकं, थंड होणाऱ्या सीट्स, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळं पेलोडमधून वजा होतं, कारण जीव्हीडब्ल्यूआर बहुधा तेवढाच राहतो आणि ट्रक जड होतो. त्यामुळे त्याच वर्षाचा, त्याच इंजिनाचा एफ-१५० चा साधा प्रकार एक्सएलटी १,८०० दाखवतो आणि महागडा लॅरिएट किंवा प्लॅटिनम १,४०० च्या घरात येतो. जास्त पैसे मोजून कमी वाहणारा ट्रक घेतला, असं अनेकांचं इथेच होतं.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न किती मैल चाललाय हा न विचारता दाराच्या स्टिकरचा फोटो मागा. जो पाठवत नाही त्याच्याकडे जायची गरज नाही.

रानपाखरू

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे रिजलाइन बादच का? तीच चालवायला सगळ्यात आवडली होती.

गिअरबॉक्स

या ट्रेलरसाठी बाद. ऑल-व्हील ड्राइव्ह रिजलाइनची मर्यादा ५,००० आणि हिचवर ६००. फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर ३,५००. तुमचा ट्रेलर रिकामाच ४,९०० चा आहे. ट्रेलर अजून घेतला नसेल आणि साडेतीन हजारांच्या आतला छोटा चालणार असेल, तर मात्र मी रिजलाइनच सुचवेन. रोजच्या वापराला तिच्याइतका शांत आणि आरामशीर पिकअप दुसरा नाही. बेडखाली कुलूप लागणारी डिकी आहे, किराण्याला तिचा फार उपयोग. टायमिंग बेल्ट वेळेवर बदललाय का तेवढं बघायचं.

टोयोटा टकोमाचंही तेच. तिसऱ्या पिढीच्या व्ही६ टकोमाचा आकडा ६,४०० ते ६,८०० पर्यंत जातो, पण पेलोड बहुतेकदा हजार-बाराशेच्या आसपास. चौघं आणि हा ट्रेलर, जमणार नाही.

नाना_ह्यूस्टन

अगं रानपाखरू, गिअरबॉक्सने मुद्द्याचं सांगितलंय, त्यात माझी भर. आम्ही दोघं निवृत्तीनंतर ट्रेलर घेऊनच फिरतो.

दाराचं स्टिकर बघितलंस की मागे जाऊन हिचच्या चौकोनी नळीवरचंही स्टिकर वाच. बऱ्याच एफ-१५० वर दोन ओळी दिसतील. नुसत्या बॉलवर ५,००० पौंड आणि टंग (हिचवर येणारं वजन) ५००, आणि वजन वाटणारी हिच लावली तर त्याहून खूप जास्त. तुझ्या ट्रेलरला ती हिच ऐच्छिक नाही, लागणारच. तिचे बार लावले की मागच्या चाकांवर आलेलं वजन थोडं पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर जातं. नाहीतर ट्रकचं नाक वर होतं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत तुझे दिवे जातात.

दुसरं, टँकमध्ये पाणी भरून निघायचं नाही. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३० पौंड फुकट ओढायचे. कॅम्पग्राउंडला नळ असतो. सांडपाण्याच्या टाक्या मात्र निघण्याआधी रिकाम्या कर.

आणि फक्त हिच दिसली म्हणून टोइंग पॅकेज आहे असं समजू नकोस. सात पिनचं कनेक्टर, जास्तीचा कूलर, ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारा) हे बघ. त्या वर्षांच्या एफ-१५० मध्ये ५३ए आणि ५३सी हे टोइंग पॅकेजचे कोड, डीलरकडून मूळ विंडो स्टिकर मागव म्हणजे कळेल. शेव्हीत (शेव्हरले) झेड८२ आणि ब्रेक कंट्रोलरला जेएल१. टेक्सासमध्ये ४,५०० च्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतातच, म्हणजे कंट्रोलर हवाच. नसला तर बाहेरून लावता येतो, पण कंपनीचा डॅशमधला केव्हाही बरा.

सातबारा

एवढा हिशेब कशाला? थ्री-क्वार्टर टन, म्हणजे याहून वरच्या वर्गातला डिझेल ट्रक घ्या. एफ-२५० किंवा रॅम २५००. मागे ट्रेलर आहे हे कळणारही नाही, आणि पुढे मोठा ट्रेलर घेतला तरी ट्रक बदलायला नको. मी कॅन्ससमध्ये हेच करतो आणि समाधानी आहे.

रॉकीवारा

सातबारा, तुमचा ट्रेलर किती मोठा आणि तुम्ही आठवड्यात किती ओढता ते सांगा. मी डेन्व्हरचा. इथे डिझेलवाले खूप आहेत, ज्यांना दहा हजारांच्या वर ओढायचंय त्यांनी तेच घ्यावं. पण यांचा ट्रक वर्षातले बहुतेक दिवस टोलवेवर एकटाच धावणार आहे. आजच्या डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तो स्वतःला जाळून साफ करायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. छोट्या छोट्या फेऱ्या आणि ट्रॅफिकमधलं थांबणं त्याला मानवत नाही. वर डीईएफ (धूर साफ करणारं द्रव) भरा, तेलबदल महाग, टायर महाग आणि रिकामा असताना तो ट्रक प्रत्येक खड्ड्यात उसळतो. तीस हजारांत चांगला डिझेल मिळेल तो भरपूर चाललेला असेल.

सातबारा

माझा ११,००० चा फिफ्थ व्हील (ट्रकच्या बेडमध्ये जोडायचा मोठा ट्रेलर) आहे आणि मी शेतीच्या कामाला रोज ओढतो, हे खरं. रोजचा प्रवास हा मुद्दा मान्य. पण पेट्रोलवाली एफ-२५० चालेल ना? ६.२ व्ही८, डीपीएफची भानगड नाही.

गिअरबॉक्स

चालेल, पेलोडचा प्रश्नच मिटेल. पण तिला रोज १२-१३ चं मायलेज मिळेल. हा पैशाचा हिशेब रानपाखरूंनी एकदा कागदावर करावा. वर्षाला १५,००० मैल धरा. २.७ इकोबूस्टच्या (फोर्डचं टर्बो इंजिन) टू-व्हील एफ-१५० चं ईपीएचं, म्हणजे सरकारी चाचणीचं, एकत्रित मायलेज २२, टुंड्रा ५.७ चं १५. म्हणजे एकीला सुमारे ६८० गॅलन, दुसरीला १,०००. तीन डॉलरने धरलं तरी वर्षाला साडेनऊशे डॉलरचा फरक, आणि तो सगळा ऑफिसच्या रस्त्यावर. ट्रेलर लावला की मात्र सगळे सारखेच, ९ ते ११. चौकोनी भिंत हवेत ढकलत न्यायची असते, तिथे कुणाचंच इंजिन काटकसर करत नाही.

हिमगौरी

मी मिशिगनमध्ये. आमच्याकडे क्रू कॅब एफ-१५० आहे आणि मी ती रोज चालवते, म्हणून रोजच्या बाजूने लिहिते.

क्रू कॅब आणि साडेपाच फुटी बेड म्हणजे लांबी सव्वाएकोणीस फुटांच्या वर. घरचं गॅरेज आधी टेपने मोजा. वीस फुटी गॅरेजमध्ये ती जाते, पण मग पुढून-मागून चालत फिरता येत नाही. ऑफिसच्या पार्किंग गॅरेजची उंचीची पाटी आणि खांबांमधली वळणं बघून या, शक्यतो टेस्ट ड्राइव्हला तोच रस्ता घ्या. देसी किराणा दुकानाचा शनिवार संध्याकाळचा पार्किंग लॉट हीसुद्धा परीक्षाच आहे. मी लांब, कडेला लावते आणि चालत जाते, मग त्रास होत नाही.

मुलं चढता-उतरताना पायरी हवी, ती नसेल तर नंतर लावता येते. मागच्या सीटखाली जागा असते, तिथे दप्तरं आणि पोहण्याच्या पिशव्या छान मावतात. बेडवर झाकण टाकून घ्या, नाहीतर पावसात किराणा आणायचे वांधे. (झाकणाचं वजनही पेलोडमध्ये धरायचं बरं का.)

आणि तुम्ही टेक्सासमध्ये आहात तर उत्तरेकडून आलेला ट्रक घेऊच नका. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, ती गंजत नाही, म्हणून ट्रक वरून चकचकीत दिसतो. पण फ्रेम, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगचे कंस सगळं पोलादच. खाली वाकून बघा.

रानपाखरू

हिमगौरी, ऑफिसचं पार्किंग मोजायचं डोक्यातही आलं नव्हतं. उद्याच बघते. मला एक सांगा, फोर-व्हील ड्राइव्ह हवंच का?

नाना_ह्यूस्टन

डॅलसमध्ये, कॅम्पग्राउंडच्या खडीवर आणि कोलोराडोच्या आय-२५ हायवेवर नको. बोट असती तर शेवाळलेल्या रॅम्पवरून वर ओढायला मी हो म्हटलं असतं. टू-व्हील घे, पेलोड वाढतो, मायलेज वाढतं, किंमत उतरते. मागचा डिफरन्शियल लॉक होणारा मिळाला तर बघ, ओल्या गवतातून ट्रेलर काढायला तेवढा पुरतो.

रॉकीवारा

कोलोराडोला येणार म्हणता म्हणून इंजिनाबद्दल. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोच्या सीमेवरचा रॅटन पास हा घाट ७,८३४ फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. पुढे आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत आलात तर तो ११,००० च्या वर. इकोबूस्टला टर्बोमुळे हा फटका फार कमी बसतो. फोर्डचं ५.० व्ही८ किंवा रॅमचं हेमीही चढतात, फक्त ५,००० आरपीएमवर ओरडत चढतात. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, घाबरू नका.

खरी परीक्षा उतरताना. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांच्या आसपास उतार आहे आणि कडेला बेफाम सुटलेल्या ट्रकसाठी खडीचे मार्ग ठेवलेत. टो/हॉल मोड (ओझं ओढतानाचा गिअरचा मोड) लावायचा, उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा, गिअर खाली आणायचा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, जोरात दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा. पालो ड्युरोचा खाली उतरणारा रस्ता तर दहा टक्क्यांचा आहे, लहान आहे म्हणून लोक गाफील राहतात. रोज सिडॅन चालवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा तिथेच जाऊ नये. आधी एखाद्या रिकाम्या शाळेच्या आवारात मागे घेण्याचा सराव, मग लेक टेक्सोमा, मग बाकीचं.

ढोलवेडा

ताई, पथकाच्या ट्रेलरबद्दल. मीही दुसऱ्या गावच्या पथकात ट्रेलर सांभाळतो. ६ बाय १२ चा सिंगल अ‍ॅक्सल असेल तर बहुधा जीव्हीडब्ल्यूआर २,९९० असेल. अनेक राज्यांत ३,००० च्या वर ब्रेक सक्तीचे होतात, म्हणून बनवणारे मुद्दाम त्याखाली ठेवतात. यादीतला कुठलाही पूर्ण आकाराचा ट्रक तो सहज ओढेल.

घोळ भरण्यात होतो. मिरवणूक संपली की सगळे दमलेले, जो जे आणेल ते दारातून आत ढकललं जातं. ढोल हलके म्हणून आत खोलवर आणि ध्वजांचे लोखंडी स्टँड, जनरेटर, पाण्याचे क्रेट सगळ्यात मागे. मागे वजन गेलं की हिचवरचं वजन कमी होतं आणि साठच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जड सामान अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, जमिनीलगत, पट्ट्याने बांधून. आम्ही आत जमिनीवर रंगाने चौकोन आखलेत, कुठे काय ठेवायचं ते. नवीन मुलांनाही चटकन कळतं.

आणि टायर. हा ट्रेलर वर्षभर उन्हात उभा असतो. टायरची नक्षी नवी दिसते पण वय झालेलं असतं. बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचा असेल तर बदला. वर्गणीतून पैसे काढायला कमिटी कुरकुर करेल, तरी बदला. डॅलसच्या उन्हात हायवेवर टायर फुटला तर आत वर्षभराची कमाई असते.

वाचनमात्र

मध्येच विचारतो, एवढा ट्रेलर ओढायला टेक्सासमध्ये वेगळं लायसन्स लागतं का?

नाना_ह्यूस्टन

नाही. ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या आत असलं की नेहमीचं क्लास सी पुरतं.

फ्रीमाँटकर

वेगळा विचार मांडतो. वर्षातून काही वीकएंडसाठी रोज पाच हजार पौंडांचा ट्रक चालवायचा का? घरी ओडिसी किंवा सिएना असेल तर दोन्हींची मर्यादा ३,५०० आहे, छोटा ट्रेलर आणि पथकाचा ट्रेलर दोन्ही भागतील. किंवा ऑफिसला हायब्रिड आणि ट्रेलरच्या दिवशी टोइंगला परवानगी देणारा ट्रक भाड्याने. कॅलिफोर्नियात पिकअपला घरगुती वापरासाठीसुद्धा कमर्शियल नंबर प्लेट घ्यावी लागते आणि वजनाची वेगळी फी भरावी लागते, म्हणून इथे आम्ही दहादा विचार करतो. इकडे आलात तर ट्रेलर लावल्यावर कमाल वेग ५५ आहे, हेही ध्यानात ठेवा.

रानपाखरू

फ्रीमाँटकर, याचा विचार केला होता. भाड्याच्या ट्रकला ब्रेक कंट्रोलर असेलच याची खात्री कुणी देत नाही आणि हिच दरवेळी नव्याने जुळवायची. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर ते करून निघायचं म्हणजे निघणंच होणार नाही. आम्हाला मुलांबरोबरची ही वर्षं हवी आहेत. ती मोठी झाली की येणार नाहीत.

आता अपडेट. शनिवार-रविवार फिरून दारांचे फोटो घेतले. २०१९ रॅम लॅरामी फोर-व्हील: १,३८०. २०१८ लॅरिएट फोर-व्हील: १,४१०. २०१७ टुंड्रा: १,३६०. २०१९ एक्सएलटी, २.७, टू-व्हील, ५३ए आणि डॅशमध्ये ब्रेक कंट्रोलर: १,७९०. विक्रेते चौघेही म्हणाले, "अहो, हा तर कितीही ओढेल!" स्टिकरकडे एकानेही बघितलं नाही.

एक्सएलटी खासगी मालकाची आहे, ६१,००० मैल. रॅम बसायला अप्रतिम होती, खोटं कशाला बोलू, पण आकडा बसत नाही. या इंजिनात काय बघू?

गिअरबॉक्स

या किमतीत कुठलंच इंजिन निर्दोष नाही, प्रत्येकाचं दुखणं माहीत असलं की झालं. शेव्हीच्या ५.३ मध्ये सिलिंडर बंद करणाऱ्या प्रणालीचे लिफ्टर जातात. हेमीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येते. ३.५ इकोबूस्टमध्ये २०१७ ते २०२० ला कॅम फेझर, थंड इंजिन सुरू करताना खडखड. टुंड्राचं ५.७ दणकट, पण कॅम टॉवरमधून तेल पाझरतं का बघायचं.

२.७ मध्ये ऑइल पॅन प्लॅस्टिकचं आहे, त्याच्या कडेने ओल आहे का बघा. २०१८ पासून दुहेरी इंजेक्शन आल्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचायची तक्रार कमी. गिअरबॉक्स दहा गिअरचा, तो थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही वेळा चालवा. हळू वेगात तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास जोराचा झटका बसत असेल तर सोडून द्या.

आणि मीटरमध्ये मेन्यू उघडून इंजिनाचे तास बघा. आयडलचे तासही वेगळे दिसतात. ६१,००० मैलांना साधारण २,००० तास असतील तर सरासरी ३० मैल, हायवेचा ट्रक. ४,००० तास असतील तर तो कुठल्या तरी साइटवर एसी लावून उभा राहिलेला आहे.

नाना_ह्यूस्टन

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांग की ट्रक सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे का बघ.

बेडमध्ये रबरी मॅट असेल तर उचल. मध्यभागी भोकं बुजवलेली दिसली तर गूजनेक (हाही बेडमध्ये जोडायचा जड ट्रेलर) किंवा फिफ्थ व्हील ओढलेला आहे. हाफ-टन, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या ट्रकने तसं केलं असेल तर त्याचे हाल झालेले असणार. लिफ्ट केलेला, मोठे टायर लावलेला ट्रक घेऊ नकोस, दाराच्या स्टिकरला मग अर्थ उरत नाही.

आम्ही ह्यूस्टनकर २०१७ चं हार्वे वादळ विसरलेलो नाही. पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून राज्यभर विकल्या गेल्या. त्याआधीच्या कुठल्याही ट्रकचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, चिखलाची रेघ राहते. सीटखालचे नटबोल्ट, डॅशखालची कनेक्टर्स, वास. तुझा २०१९ चा आहे, तरी बघ, पूर काही एकदाच येत नाही. गारांचे ठोकेही डॅलसकडे असतात, त्यांचं काही नाही, भाव कमी करून घ्यायला उपयोगी.

व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकलास की बाकी राहिलेले रिकॉल फुकट दिसतात, ते डीलर फुकट करून देतो. मग स्वतंत्र मेकॅनिककडे नेऊन तपासणी. मालक नाही म्हणाला तर हात जोडून परत यायचं.

कागदपत्रं काउंटीच्या टॅक्स ऑफिसात दोघांनी एकत्र जाऊन कर. टायटलवर बँकेचं नाव नाही ना बघ. विक्रीकर ६.२५ टक्के. खासगी व्यवहारात राज्याने ठरवलेल्या किमतीच्या निदान ८० टक्क्यांवर तो लागतोच, म्हणून कागदावर कमी रक्कम लिहू असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

हिमगौरी

इन्शुरन्सला फोन कराच. ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते बहुतेक वेळा ट्रकच्या पॉलिसीत येतं, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. त्याची वेगळी पॉलिसी लागते. पथकाचा ट्रेलर कुणाच्या नावावर आहे तेही विचारून ठेवा.

रानपाखरू

घेतली! एक्सएलटी आता आमच्या दारात आहे. इंजिनाचे तास २,१०० च्या थोडे वर, ऑइल पॅन कोरडं, मेकॅनिकने पुढचे ब्रेक पॅड आणि एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर लिहून दिला, तेवढे पैसे मालकाने कमी केले. ऑफिसच्या गॅरेजमध्ये जाते, वरच्या मजल्यावर लावते. टोलवेवर २१-२२ चं मायलेज दिसतंय.

ट्रेलर आणला आणि नानांनी फोनवर सांगितलं होतं तसं ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकचा वजनकाटा) पूर्ण सामान आणि चौघांना घेऊन तीनदा वजन केलं. आकडे पौंडांत, पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रेलर असे:

बार लावून: २,८८०, ३,२२०, ५,२४०.
बार सोडून: २,६६०, ३,५४०, ५,१४०.
नुसता ट्रक: २,९४०, २,५००.

ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ६,५०० आहे. मला जमतंय असं वाटतं, पण जाणकारांनी बघा.

गिअरबॉक्स

बार सोडून ट्रकचे दोन्ही अ‍ॅक्सल मिळून ६,२००, नुसता ट्रक ५,४४०. म्हणजे टंगवर ७६०. ट्रेलर एकूण ५,९००, त्याचे जवळजवळ १३ टक्के. अगदी हवं तिथे. बार लावल्यावर ट्रक ६,१०० वर, म्हणजे ६,५०० ला अजून ४०० बाकी. ट्रेलरचेही ६,२०० ला ३०० बाकी. त्या ३०० मध्ये पाण्याची भरलेली टाकी बसत नाही, नाना म्हणाले ते पाळा.

एकच गोष्ट. पुढच्या अ‍ॅक्सलवरून २८० पौंड उचलले गेले होते, त्यातले २२० तुम्ही बार लावून परत आणलेत, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. किती परत आणायचे ते तुमच्या वर्षाच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये टोइंगच्या भागात दिलेलं आहे, पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजून ते जुळवायचं असतं. मॅन्युअलमध्ये कमी सांगितलं असेल तर बारची साखळी एक कडी सैल करा. पुढे वजन गरजेपेक्षा जास्त आणलं की मागची चाकं हलकी होतात आणि पावसात वळणावर ते जाणवतं.

रानपाखरू

मॅन्युअल उघडलं, टेप घेऊन खाली जातेय. साखळी सैल करताना बार उडतो म्हणतात, तो कसा सांभाळायचा?

नाना_ह्यूस्टन

साखळीला हात लावायच्या आधी ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवून पुढच्या जॅकने दोन्ही मिळून वर उचल, जोपर्यंत बारवरचा ताण जात नाही तोपर्यंत. मग कडी हाताने सहज निघते. चाकांना ठोकळे आधी लाव, उभी राहा बाजूला, बारच्या समोर नाही, आणि मुलांना तेवढा वेळ घरात पाठव. झालं की बॉलची पिन आणि सुरक्षेच्या साखळ्या पुन्हा बघ, साखळ्या खालून एकमेकींवर फुलीसारख्या हव्यात. आणि ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर टॉर्क रेंचने परत आवळ.